जमशेटजी टाटा : तोट्याने शिकवलेला हिशेब

तापीकाठच्या बुऱ्हाणपूरचे नाव काढले की मराठी वाचकाला मोगलांचा दख्खनचा सुभा, मुमताजचा मृत्यू आणि फार तर जवळचा असीरगड आठवतो. त्या शहराला लागून असलेल्या लोधीपुऱ्याचे नाव गोव्यात क्वचितच कुणी ऐकले असेल. या गावांची जुनी ओळख मात्र राजवाड्यांची नाही, मागाची आहे. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये येथून गेला, तेव्हा येथले तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया आणि पोलंडपर्यंत जात असल्याची नोंद त्याने करून ठेवली. आजही यंत्रमाग हाच बुऱ्हाणपूरचा मोठा उद्योग आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बुऱ्हाणपूर ज्या निमाड जिल्ह्यात होते, तो जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात मोडत असे. निमाड, खानदेश, वऱ्हाड हा सारा कापसाचा मुलूख. रेल्वे आली आणि या मुलखातील कापूस गासड्या बांधून मुंबईला जाऊ लागला. तेथून काही गिरण्यांत, बराचसा जहाजाने लिव्हरपूलला. त्याच कापसाचे सूत आणि कापड होऊन ते त्याच रुळांवरून पुन्हा या गावांत येई. हातमागावर बसलेला विणकर आपल्याच शिवारातील कापसाचे जाण्याचे आणि येण्याचे, दोन्ही वेळचे भाडे सुताच्या किमतीत मोजत होता. ही गोष्ट कोणत्याही स्थानकाच्या फलाटावर उभे राहिलेल्या माणसाला दिसण्यासारखी होती. दिसली अनेकांना असेल. कागद घेऊन तिचा हिशेब मांडला तो मुंबईतील एका पारशी व्यापाऱ्याने, आणि तोही स्वतःचे हात एकदा चांगलेच पोळल्यानंतर.

जमशेटजी नसरवानजी टाटा यांचे नाव पोलाद, वीज, विज्ञानसंस्था आणि ताजमहाल हॉटेल यांच्याशी इतके घट्ट जोडले गेले आहे की, ही सारी कामे त्यांच्या आयुष्याच्या शेवटच्या पर्वातील आणि बरीचशी मरणोत्तर आहेत, याचा विसर पडतो. हयातभर ते होते गिरणीदार. त्यांची कीर्ती त्यांच्या स्वप्नांवर उभी आहे, असे आपण म्हणतो. मला ती त्यांच्या खातेवहीवर उभी दिसते. त्या वहीचे पहिले पान तोट्याचे आहे.

त्यांचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातेतील नवसारीचा. घराणे पिढ्यान्‌पिढ्या पारशी धर्मगुरूंचे. वडील नसरवानजी यांनी ती परंपरा सोडून मुंबईत व्यापार मांडला. चौदाव्या वर्षाच्या सुमारास जमशेटजी मुंबईस आले, एल्फिन्स्टन संस्थेत शिकले आणि १८५८ मध्ये शिक्षण पुरे करून वडिलांच्या पेढीवर बसले. वाणिज्याचे शिक्षण देणारे महाविद्यालय तेव्हा या देशात नव्हते. सिडनहॅम कॉलेज निघायला अजून पंचावन्न वर्षे होती. हुंडी म्हणजे काय, भाव का चढतो, बँक कशावर उभी असते, हे शिकण्याची जागा म्हणजे पेढीची गादी. वर्षभरातच त्यांना हाँगकाँगला धाडण्यात आले. तेथील शाखेचा व्यापार कापसाचा होता आणि अफूचाही होता. चरित्रलेखक हा भाग घाईने ओलांडतात. पण त्या काळी चीनशी व्यापार करणाऱ्या मुंबईच्या बहुतेक मोठ्या पेढ्यांच्या वहीत अफूचे खाते होते, आणि टाटांची पेढी त्याला अपवाद नव्हती. हे लपवून त्यांची थोरवी वाढत नाही.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. मुंबईतून जाणाऱ्या कापसाचा भाव पाहता पाहता चौपटीच्या आसपास गेला. मुंबईत पैसा अक्षरशः ओतला गेला. त्या पैशाला जाण्यासाठी वाटा हव्या होत्या, म्हणून बँका निघाल्या, वित्तसंस्था निघाल्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबेच्या जमीन-भराव कंपनीचे शेअर भरलेल्या रकमेच्या कित्येक पटींनी विकले जाऊ लागले. प्रेमचंद रायचंद हे या बाजाराचे अनभिषिक्त राजे. नसरवानजी टाटा त्यांच्या वर्तुळातले. एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशन या बँकेशीही टाटांचा संबंध आला. लंडनमध्ये हिंदी व्यापाऱ्यांची बँक काढावी, असा बेत ठरला आणि १८६४ च्या अखेरीस पंचविशीतले जमशेटजी हुंड्या आणि कापसाचे कागद घेऊन विलायतेला निघाले.

ते तेथे पोहोचेपर्यंत युद्धाचा शेवट दिसू लागला होता. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले आणि अमेरिकेचा कापूस पुन्हा येणार, या नुसत्या खात्रीनेच लिव्हरपूलचा भाव कोसळला.

या घसरणीने माणसे का बुडाली, हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण जमशेटजींच्या पुढील प्रत्येक निर्णयावर त्याची सावली आहे. समजा, एका व्यापाऱ्याने शंभर रुपयांचा कापूस विलायतेला पाठविला आणि त्या मालाच्या तारणावर ऐंशी रुपयांची हुंडी काढून ती बँकेत वटविली. स्वतःचे गुंतले वीस. भाव दहा टक्के चढला तर वीस रुपयांवर दहा मिळाले, म्हणजे निम्म्याचा नफा. मग पुढच्या खेपेला तो पाचपट माल घेतो. आता भाव निम्म्यावर आला. गोदामातल्या गासड्या जशाच्या तशा आहेत, एक बोंडही चोरीस गेलेले नाही. पण कापूस पन्नासाचा आणि देणे ऐंशीचे. स्वतःचे वीस गेलेच, वर तीस रुपयांचे कर्ज उरले. उसन्या पैशाने नफा जितका फुगतो तितकाच तोटाही फुगतो, हे अंकगणित चौथीतल्या मुलाला कळावे असे आहे. पण भाव चढत असताना ते मुंबईच्या शहाण्यासुरत्या शेटियांनाही आठवले नाही. त्यात शेअरबाजारात वायद्यांचे सौदे झालेले, आणि त्यांच्या पूर्ततेचा दिवस होता १ जुलै १८६५. त्या दिवशी देणे द्यायला कुणाकडेच पैसा नव्हता. प्रत्येकाचे घेणे दुसऱ्याकडे आणि त्याचे तिसऱ्याकडे. पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. पुढे सरकारी भांडवल असलेली बँक ऑफ बॉम्बेही गुंडाळावी लागली.

लंडनमध्ये जमशेटजींच्या हाती असलेल्या कागदांना रद्दीचे मोल आले. परक्या शहरात, ओळखी तुटपुंज्या, आणि दारात सावकार. ते लपले नाहीत. सारे कागद त्यांनी धनकोंपुढे ठेवले, कोणते वसूल होईल आणि कोणते होणार नाही ते सांगितले. परिणाम असा झाला की, धनकोंनी त्यांच्याच पेढीच्या व्यवहारांची निरवानिरव करण्याचे काम त्यांच्यावर सोपविले आणि त्यासाठी दरमहा वीस पौंड वेतन बांधून दिले. स्वतःच्या घराच्या दिवाळखोरीचा पगारी कारकून होण्याची पाळी थोड्यांवरच आली असेल. इकडे मुंबईत नसरवानजींनी घरखर्च आवरला, मालमत्ता विकली आणि देणी भागवीत राहिले.

त्या महिन्यांत त्यांच्या हाताखालून जे कागद गेले, त्यांतून त्यांनी काय उचलले, हे त्यांनी कुठे लिहून ठेवलेले नाही. त्यांच्या नंतरच्या वागण्यावरून ते ताडावे लागते. मला त्यात दोन गोष्टी दिसतात. बाजारातील भाव आणि वस्तूचे मोल या वेगळ्या गोष्टी आहेत. आणि ज्या नफ्याचे कारण आपल्या हातात नाही, तो नफा आपला नव्हे. अमेरिकेतील तोफांनी दिलेला नफा त्या तोफा थांबताच गेला. यानंतर त्यांनी जी किफायत शोधली ती भावाच्या चढउतारात नव्हे, उत्पादनाच्या खर्चात.

घराची गाडी रुळावर आली ती आणखी एका युद्धाने, अॅबिसिनियावर गेलेल्या ब्रिटिश फौजेला रसद पुरविण्याच्या कंत्राटाने. त्यात टाटा भागीदार होते आणि फायदा भरपूर झाला. १८६८ मध्ये जमशेटजींनी एकवीस हजार रुपये भांडवलावर स्वतःची व्यापारी पेढी काढली. पुढच्याच वर्षी चिंचपोकळीची एक बुडालेली तेलाची गिरणी घेऊन तिची कापडगिरणी केली, तिला अलेक्झांड्रा असे नाव दिले, आणि दोनेक वर्षे चालवून केशवजी नाईक यांना चांगल्या नफ्याने विकून टाकली. चालती गिरणी विकली, याचे पुष्कळांना नवल वाटले असेल. पण तो त्यांचा सराव होता. मग ते लँकेशायरला गेले आणि या वेळी हुंड्या वटवायला नव्हे, तर गिरण्या पाहायला गेले.

परत आले ते एक प्रश्न घेऊन. गिरणी मुंबईतच का? तेव्हाच्या साऱ्या गिरण्या मुंबईत निघत होत्या. भांडवल, बंदर, दलाल, कामगार सारे तेथे. जमशेटजींनी खर्चाच्या बाजू एकेक करून पाहिल्या. कापूस वऱ्हाडातून रेल्वेने मुंबईला येतो, त्याचे भाडे. त्या कापसात कचरा आणि घट असते, म्हणजे जे सूत होणारच नाही त्याचेही भाडे. कोळसा विलायतेहून जहाजाने येतो. जमीन सोन्याच्या भावाची. आणि तयार सुताचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे हातमागवाला विणकर. तो पुन्हा देशाच्या आत. याउलट नागपूर : भोवती कापूस, १८६७ मध्ये पोहोचलेली रेल्वे, चांद्याकडील वरोऱ्याच्या खाणीचा जवळचा कोळसा, स्वस्त जमीन, आणि मध्य प्रांतातील असंख्य माग. मुंबईतील मित्रांना हा वेडेपणा वाटला. शहराजवळच्या जुम्मा तलावालगतची दलदलीची जागा त्यांनी घेतली आणि ती भरून काढण्यासाठी गाड्याच्या गाड्या माती टाकली. त्या वेळी एका मारवाडी सावकाराने, हा माणूस जमिनीत सोने पुरतो आहे असे समजून पैसे द्यायचे नाकारले आणि काही वर्षांनी, त्याने पुरली होती ती माती आणि निघाले ते सोने, अशी कबुली दिली, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, त्या सावकाराची मूळ शंका मुळीच मूर्खपणाची नव्हती. गिरणीचा हिशेब त्याने पाहिलेला नव्हता, एवढेच.

१८७४ मध्ये पंधरा लाख रुपये भांडवलाची सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी नोंदली गेली. १ जानेवारी १८७७ रोजी, राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची द्वाही फिरली त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली आणि तिचे नाव पडले एम्प्रेस मिल. सुमारे तीस हजार चात्या आणि ४५० माग.

आणि सुरुवात वाईट झाली. पैसा वाचवावा म्हणून हलक्या प्रतीची यंत्रे घेतली गेली होती. सूत सारखे निघेना, उत्पादन अपुरे, शेअरचा भाव दर्शनी किमतीच्या खाली गेला. जागेचा इतका बारीक हिशेब करणारा माणूस यंत्रांच्या बाबतीत स्वस्ताच्या मोहात पडला, ही गोष्ट मला त्यांच्या यशापेक्षा अधिक बोलकी वाटते. यंत्राची किंमत एकदाच द्यावी लागते. त्याने बिघडविलेले सूत रोज निघते. चूक ध्यानात येताच त्यांनी ती सारवासारव न करता खर्चाने दुरुस्त केली. व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता विलायतेला जाऊन चांगली यंत्रे घेऊन आले. हे बेझनजी मूळचे रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले. कापूस पिंजतात कसा हेही त्यांना येताना ठाऊक नव्हते. तांत्रिक बाजू जेम्स ब्रुक्सबी हा लँकेशायरचा माणूस सांभाळी. सूतकाम जाणणारा एक आणि माल, वेळ, माणसे यांचा मेळ घालणारा दुसरा, अशी ती जोडी होती.

१८८० च्या दशकाच्या आरंभी रिंग चातीची बातमी आली. तोवर सूत मुख्यतः म्यूल नावाच्या यंत्रावर निघे. म्यूल आधी धागा ओढते व पिळते, मग थांबून तो गुंडाळते. ते चालवायला कसबी माणूस लागतो. रिंग चाती पिळणे आणि गुंडाळणे एकाच वेळी, न थांबता करते, आणि कमी कसबाच्या कामगारालाही ती सांभाळता येते. बारीक सुतासाठी म्यूल श्रेष्ठ, जाड्याभरड्या सुतासाठी रिंग किफायतीची. नागपूरचे सूत जाडे, कामगार नवखे. जमशेटजींनी दोन यंत्रे आणवून चाचणी घेतली, आकडे पाहिले आणि जुनी यंत्रे भराभर बदलण्याचा निर्णय घेतला. ओल्डहॅमच्या नामांकित कारखान्याला या यंत्रात फारसा रस नव्हता, तेव्हा दुसऱ्याकडून ती बनवून घेतली. लँकेशायर मात्र पुढे कित्येक दशके म्यूललाच धरून राहिले. त्यांच्याकडे कसबी कामगार होते, बारीक सूत होते आणि जुन्या यंत्रांत गुंतलेला पैसाही होता. तो गेलेला पैसा मनातून जात नाही, ही व्यापाऱ्याची जुनी अडचण. जमशेटजींच्या गिरणीने नफ्यातून यंत्रांच्या झिजेसाठी आणि विस्तारासाठी मोठ्या रकमा बाजूला काढण्याची शिस्त पाळली, म्हणून त्यांना यंत्र मोडीत काढताना हात थरथरला नाही.

कामगारांचा प्रश्न निराळाच निघाला. मजूर स्वस्त म्हणून नागपूर निवडले, पण तो मजूर रोज येईना. शेताची कामे, लग्ने, सण, की गिरणीत शुकशुकाट. बंद पडलेली चाती पगार खात नाही. पण तिच्यात गुंतलेल्या भांडवलाचे व्याज चालू राहते आणि तिची झीजही थांबत नाही. कमी रोजाचा मजूर गैरहजर राहिला तर तो महागात पडतो. दंडाचा आसूड उगारणे हा तेव्हाचा सर्रास उपाय. नागपूरच्या गिरणीत हवा खेळती ठेवण्याची आणि गारव्याची सोय झाली, हजेरीला बक्षिसे लागली, १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. कायद्याने हे बंधन येण्याच्या कितीतरी आधी. ही दया की हिशेब, असा वाद अभ्यासक घालतात. दोन्ही एकाच वेळी असू नयेत असे मला वाटत नाही. मात्र ज्या गिरणीचा ताळेबंद धड नाही, तिच्या मालकाची दया फार दिवस टिकत नाही.

येथे मॅनेजिंग एजन्सीबद्दल सांगायला हवे, कारण आजच्या भागधारकाच्याही तो जिव्हाळ्याचा विषय आहे. त्या काळी गिरणीची कंपनी भागधारकांची, पण कारभार एजंटांच्या पेढीकडे असे. मुंबईत एजंटाचे कमिशन बहुधा उत्पादनावर ठरे : दर पौंड सुतामागे पाव आणा. गिरणीला नफा होवो की तोटा, सूत निघाले की एजंटाचा पाव आणा पक्का. मग बाजार मंद असताना, प्रत्येक पौंडामागे नुकसान होत असतानाही एजंट गिरणी धडाक्याने चालवी. बुडे तो भागधारक. टाटांच्या घराने नफ्यावर दहा टक्के कमिशन घेण्याची पद्धत आणली. ज्याच्या हाती कारभार, त्याचा लाभ मालकाच्या लाभाशी बांधला. उदारपणा म्हणून तिचे कौतुक होते; मला ती मनुष्यस्वभावाची अचूक पारख वाटते, स्वतःच्याही.

गोव्याच्या वाचकाला हे पटण्यासाठी फार लांब जायला नको. त्याच दशकात आपल्याकडे मुरगाव बंदर आणि कॅसलरॉकपर्यंतची रेल्वे बांधली जात होती. १८८१ मध्ये लंडनमध्ये कंपनी निघाली, भांडवल इंग्रजांचे, आणि त्यावर पाच-सहा टक्के व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारची. १८८८ मध्ये मार्ग सुरू झाला. घाटावरचा कापूस आणि धान्य मुरगावला उतरेल, असा अंदाज होता. माल मुंबईकडे वळला आणि मुरगावच्या वाट्याला फार थोडा आला. भागधारकांना व्याज मिळतच राहिले. भार पडला तो सरकारी तिजोरीवर. माल येवो न येवो, ज्याचे उत्पन्न पक्के आहे, तो मालाचा अंदाज कशाला तपासून पाहील? नागपूरच्या त्या दलदलीत असली हमी कुणी दिली नव्हती.

या यशानंतर आले त्यांच्या आयुष्यातील सर्वांत जोखमीचे वर्ष. १८८६ मध्ये कुर्ल्याची धरमसी मिल लिलावात निघाली. लाखभर चात्यांची, मुंबईतील सर्वांत मोठ्या गिरण्यांपैकी एक. उभारायला पन्नास लाखांहून अधिक लागलेले. जमशेटजींना ती साडेबारा लाखांत मिळाली. नाव ठेवले स्वदेशी. ती चळवळ सुरू होण्याच्या वीस वर्षे आधी. सौदा चौपट स्वस्त दिसत होता. आणि नागपुरात जी चूक दुरुस्त केली होती, तीच येथे मोठ्या मापाने पुन्हा झाली. यंत्रे कुजलेली, इमारत गैरसोयीची, कामगार मिळेनात. दुरुस्तीवर पैसा ओतावा तितका कमी. परदेशी बाजारात पहिला माल नापसंत झाला. शेअरचा भाव कोसळला, टाटांची पत डळमळली, बँकेने कर्ज देताना हात आखडला. वीस वर्षांपूर्वी लंडनमध्ये पाहिलेले चित्र त्यांच्यासमोर पुन्हा उभे राहिले असणार.

फरक एवढाच की, या वेळी ते उसन्या पैशावर पळाले नाहीत. स्वतःच्या पुंजीतून, एम्प्रेस मिलचे आपले काही शेअर विकून, त्यांनी स्वदेशीत पैसा घातला. कमिशनवर पाणी सोडले. नागपूरची जाणती माणसे कुर्ल्याला आणली. एकेक यंत्र मोडीत काढून नवे बसविले. गिरणी सावरायला वर्षे लागली. पुढे तिच्या सुताला चांगला भाव येऊ लागला. तरीही त्या साडेबारा लाखांना स्वस्त म्हणता येईल का, हे सांगणे कठीण आहे. त्यांच्या चरित्राचे बहुतेक लेखक स्वदेशीला विजय म्हणून रंगवतात. मला वाटते, तो एक महाग चुकीचा धीराने केलेला निस्तार होता, आणि त्यात त्यांची योग्यता अधिक दिसते.

एक लढाई ते सरळ हरले. मुंबईचे सूत चीन आणि जपानला जाई. त्या वाटेवरील जहाजभाडे पी अँड ओ आणि दोन युरोपीय कंपन्यांनी संगनमताने ठरविलेले, टनाला सतरा-एकोणीस रुपये. १८९३ मध्ये जपानला जाऊन जमशेटजींनी निप्पॉन युसेन कैशा कंपनीशी करार केला, दोन इंग्रजी जहाजे भाड्याने घेतली आणि बारा रुपये दराने माल नेऊ लागले. पी अँड ओने दर पाडत पाडत दीड रुपयावर आणला आणि अट घातली, की ही सवलत टाटांच्या जहाजाने माल न पाठविणाऱ्यालाच मिळेल. दीड रुपयात जहाजाचा कोळसाही सुटत नाही. तोटा सोसण्याची ताकद कुणाची अधिक, एवढाच तो प्रश्न होता. पाठीशी उभे राहू म्हणणारे गिरणीवाले आणि दलाल एकेक करून स्वस्त दराकडे गेले. लाखावर तोटा झाल्यानंतर जमशेटजींनी जहाजे परत केली. त्यानंतर भाडे पुन्हा चढले. गेलेल्यांना त्या सवलतीची खरी किंमत तेव्हा कळली असेल. त्याच १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी खासगी चांदीला बंद करून रुपया चांदीच्या भावापासून तोडला. चीनचे चलन चांदीचे असल्याने तेथे मुंबईचे सूत महाग झाले. १८९६ मध्ये देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसली. एका कापडाच्या किमतीत समुद्रावरचे भाडे, टांकसाळीचा हुकूम आणि लंडनच्या लोकसभेतील लँकेशायरची मते अशी सगळी मिसळलेली असतात, हे मुंबईच्या गिरणीवाल्यांना त्या तीन-चार वर्षांत पुरते कळले.

थांबण्याची कलाही त्यांना साधली होती. १८८२ मध्ये चांदा जिल्ह्यातील लोखंडाबद्दल एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या हाती आला. खनिज उत्तम, वरोऱ्याचा कोळसा जवळ, स्वतःची गिरणी नागपुरात. कुणीही मोहात पडावे. त्यांनी तो कोळसा जर्मनीत तपासून घेतला. तो लोखंड गाळण्यास निरुपयोगी ठरला. खाणकामाचे सरकारी नियमही जाचक होते. त्यांनी कागद बांधून ठेवले, आणि जवळजवळ सतरा वर्षांनी, नियम बदलल्यावर, ते पुन्हा सोडले.

पोलादाचा कारखाना त्यांनी पाहिला नाही. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाद नौहाइम येथे त्यांचे निधन झाले. इंग्लंडमधील ब्रूकवुडच्या पारशी दफनभूमीत त्यांना ठेवण्यात आले. १९०७ मध्ये त्यांच्या मुलाने व सहकाऱ्यांनी पोलाद कंपनीचे शेअर लंडनऐवजी मुंबईत विक्रीस काढले, तेव्हा तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार हिंदी लोकांनी सारे भांडवल उभे केले. १८६५ च्या आगीत पोळलेले हेच शहर.

त्याआधी वर्षभर, १९०६ मध्ये, बुऱ्हाणपुरात ताप्ती मिल उभी राहिली. टाटांची ती नव्हे. पण भोवती कापूस होता, लालबागच्या स्थानकाशी रूळ होते, आणि सूत घ्यायला गावातच मागवाले होते.